मृगातला पाऊस, मघातला पूर

पडलेल्या पावसाचा जो भाग वाहत जाऊन नदीच्या पात्रात पोहोचतो, त्याला जलविज्ञानात ‘अपधाव’ म्हणतात. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात आणि नदी घनमीटरमध्ये. दोन्ही एका मापात आणणारा हिशेब सोपा आहे. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की १,००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी पडलेले असते. यातला प्रत्येक थेंब नदीला मिळाला असता, तर पर्जन्यमापक पाहून पूर सांगता आला असता. पण चंद्रपूर-गडचिरोलीत मृग नक्षत्रातला शंभर मिलिमीटर पाऊस नाल्यात चार डबकी भरून संपतो आणि मघातला तेवढाच पाऊस रपटे (नाल्यांवरचे ठेंगणे पूल) बुडवून गावेच्या गावे तोडतो. हा फरक जमिनीत पाणी मावायला किती जागा उरली आहे, यावरून पडतो. या दोन जिल्ह्यांतल्या नद्या समजून घ्यायच्या तर त्या उरलेल्या जागेचा माग घ्यावा लागतो.

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते. बालाघाट, गोंदिया, भंडारा असे जिल्हे ओलांडून ती दक्षिणेकडे येते आणि चंद्रपूर व गडचिरोली यांच्यामधली सीमा होते. वर्धा नदी बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या बाजूने निघते, वाटेत पैनगंगेला पोटात घेते आणि चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते. तिथून पुढे नदीचे नाव प्राणहिता. सुमारे ११३ किलोमीटर वाहून ती सिरोंचाजवळ, कालेश्वरमच्या समोर, गोदावरीत जाते. प्राणहितेचे पाणलोट क्षेत्र सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर आहे. गोदावरीच्या एकूण ३ लाख १२ हजार ८१२ चौरस किलोमीटरच्या खोऱ्याचा हा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग. भामरागड आणि एटापल्लीकडचे बरेचसे पाणी मात्र प्राणहितेला न मिळता पूर्वेकडे इंद्रावतीत जाते. ओडिशातल्या कालाहंडीतून निघालेली ही नदी भामरागडला परलकोटा आणि पामुलगौतम यांना घेते, राज्याच्या सीमेने खाली उतरते आणि सोमनूरजवळ गोदावरीला मिळते.

दोन्ही जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. गडचिरोलीचे क्षेत्रफळ साधारण १४,४०० चौरस किलोमीटर, चंद्रपूरचे साधारण ११,४००. दोन्ही मिळून प्राणहितेच्या खोऱ्याच्या पावपट भरतील, आणि त्यातलाही काही भाग इंद्रावतीचा. म्हणजे इथल्या मोठ्या नद्यांतले बहुतेक पाणी दुसऱ्यांच्या शिवारात पडलेले असते. इथे पुराची चर्चा करताना आधी हे लक्षात घ्यावे लागते.

चंद्रपूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, गडचिरोलीत त्याहून अधिक, आणि भामरागड-एटापल्लीच्या डोंगराळ भागात सर्वांत जास्त. त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. तो आणणारी मुख्य यंत्रणा म्हणजे बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे. ते ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतात आणि छत्तीसगडमार्गे पश्चिम-वायव्येकडे सरकत विदर्भात येतात. अशा पट्ट्याच्या नैर्ऋत्येच्या बाजूला पाऊस सर्वांत जोरदार असतो. मग झडी लागते, दोन दिवस, तीन दिवस, कधी आठवडाभर. इंद्रावतीच्या बाबतीत एक गोष्ट अधिक घातक ठरते. ही नदीही पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. पाऊस आणि प्रवाह एकाच दिशेने पुढे सरकत असले, की वरून आलेले पाणी आणि खाली नुकतेच पडलेले पाणी एकाच वेळी एकाच ठिकाणी येण्याची शक्यता वाढते आणि पुराचा माथा उंच होतो. पाऊस प्रवाहाच्या उलट दिशेने सरकला, तर खालचे पाणी आधी निघून जाते आणि पूर चपटा राहतो.

पावसाला सामोरी जाणारी जमीन सगळीकडे सारखी नाही. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पश्चिमेच्या तालुक्यांत कापूस-सोयाबीनची काळी माती भेटते. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिले पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतात, त्यामुळे जूनमध्ये काळ्या रानातून ओघळसुद्धा निघत नाही. एकदा ओल पुरली, की माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी आत घ्यायचे जवळजवळ थांबवते. वर्धेच्या खोऱ्यात कोळसा पोटात असलेले वालुकाश्म आहेत, गडचांदूर-आवारपूरकडे सिमेंट कारखान्यांना पोसणारा चुनखडक आहे. वैनगंगा ओलांडून पूर्वेला गेले, की अतिप्राचीन पट्टिताश्म आणि ग्रॅनाइटचा प्रदेश सुरू होतो. सुरजागडच्या लोहखनिजाचे डोंगर याच पट्ट्यातले. या कठीण खडकाला स्वतःची पोकळी नसते. पाणी मुरते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि खडकाच्या चिरांत. हा थर काही मीटर जाडीचा, म्हणून लवकर भरणारा आणि लवकर रिता होणारा. दक्षिणेला सिरोंचाकडे पुन्हा वालुकाश्म लागतो, वडधमच्या परिसरात जीवाश्म सापडतात तो.

या सगळ्यावर जंगल उभे आहे. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे, चंद्रपूरचा सुमारे एक-तृतीयांश. साग, ऐन, बीजा, मोह, तेंदू, बांबू असे हे पानगळीचे रान आहे. पावसाचा पहिला भाग पानांवर अडतो आणि तिथूनच वाफ होऊन जातो. रिमझिम सरीत हा वाटा मोठा असतो. मुसळधार पावसात नगण्य, कारण पाने एकदा भिजली की भिजली. खरे काम करतो तो जमिनीवरचा पालापाचोळा. तो थेंबाचा मार स्वतःवर घेतो, पाण्याचा वेग मोडतो, खालची माती भुसभुशीत ठेवतो. मुळांनी, वाळवीने, गांडुळांनी केलेल्या वाटांमधून पाणी खाली उतरते. निरोगी रानात, मधल्या सरीत, उतारावरून वाहणारे पाणी दिसतच नाही. नाल्याला येते ते मातीच्या आतून बाजूला झिरपत आलेले पाणी, म्हणून उशिरा आणि बरेचसे निवळ.

पण हा पालापाचोळा पावसाळा येईपर्यंत टिकला तर. मार्च ते मे या महिन्यांत इथल्या रानात वणवे लागतात. मोहफुले वेचायला जमीन साफ असावी, तेंदूला कोवळी पालवी फुटावी, अशा कारणांनी लावलेली आगही त्यात असते. पाला जळालेल्या जमिनीवर मृगाचा टपोरा थेंब सरळ मातीवर आदळतो, मातीची छिद्रे बुजवतो आणि पाणी वरून वाहू लागते. सागाच्या निव्वळ लागवडीत आणखी एक दोष आहे. सागाच्या परातीएवढ्या पानावर लहान थेंब एकत्र होऊन मोठे होतात आणि उंचावरून पडतात. खाली झुडपे आणि पाला नसेल तर ते उघड्या रानापेक्षाही जास्त माती उखडतात. नकाशावर हिरवा दिसणारा प्रत्येक तुकडा पाण्याशी सारखा वागत नाही, ते यामुळे.

जंगल पाणी निर्माण करते आणि पूर थांबवते, ही दोन्ही विधाने प्रेमापोटी केली जातात; दोन्ही अर्धीच खरी आहेत. झाडे पाणी पितात. खोल गेलेली मुळे पावसाळा संपल्यावरही मातीतली ओल उपसून पानांतून हवेत सोडत राहतात. त्यामुळे वर्षभराचा एकूण हिशेब केला, तर घनदाट रानातून नदीला मिळणारे पाणी उघड्या जमिनीपेक्षा कमीच भरते. रानाचे मोल आहे ते पाणी कधी आणि कसे मिळते यात. गाळाशिवाय, धीम्या गतीने, पावसाळ्यानंतरही काही महिने. पुराच्या बाबतीतही तेच. जमिनीत जागा आहे तोवर रान पूर कमी करते, उशिरा आणते. सलग झडीने ती जागा भरून गेली, की रानातला उतार आणि शेतातला उतार यांत फारसे अंतर राहत नाही. गडचिरोली राज्यातला सर्वांत दाट जंगलाचा जिल्हा असून दर पावसाळ्यात पुराच्या बातमीत असतो, याचे एक कारण हे आहे.

जमिनीच्या आधीच्या ओलीचा परिणाम किती मोठा, हे आकड्यांत मांडण्याची एक पद्धत अमेरिकेच्या मृदसंधारण विभागाने १९५० च्या दशकात बसवली. भारतातही ती काही फेरफारांसह वापरली जाते. माती, पिके, जंगल यांनुसार पाणलोटाला शंभरपैकी एक अंक दिला जातो. अंक जितका मोठा, तितका अपधाव जास्त. मध्यम पाणी मुरणाऱ्या जमिनीवरच्या रानाला ७० हा अंक धरला आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, असे मानू. मागच्या पाच दिवसांत ३६ मिलिमीटरहून कमी पाऊस झाला असेल, तर या शंभरातले सुमारे ९ मिलिमीटर वाहून जातात. ओल मध्यम असेल तर ३३. आणि मागच्या पाच दिवसांत ५३ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून गेला असेल, तर ६१. एकाच रानातून, एकाच पावसात, जवळजवळ सातपट फरक. शेतकरी हेच नक्षत्रांच्या भाषेत जाणतो. मृगाचा पाऊस पेरणीचा, तो मातीत जिरतो. आर्द्रा-पुनर्वसूत धानाचे पऱ्हे उभे राहतात, रोवणीसाठी बांध्यांत, म्हणजे धानाच्या बांधबंदिस्त शेतांत, चिखल लागतो, तरीही जमीन अजून घेत असते. पुष्य-आश्लेषात विहिरी वर येतात, बोड्या (शेताजवळची लहान तळी) भरतात. मघा लागेपर्यंत माती, बांधी, बोडी, नाला सगळेच काठोकाठ. त्यानंतरची प्रत्येक झडी थेट नदीच्या नावावर जमा होते. सरकारी व्याख्येत चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. ती व्याख्या जूनला आणि ऑगस्टला एकच आकडा लावते. नदी तसे करत नाही.

या नात्याचा भारतातला एक आरंभीचा अभ्यास विदर्भातच झाला. अलेक्झांडर बिनी हा इंग्रज अभियंता १८६८ मध्ये मध्य प्रांताच्या बांधकाम खात्यात नागपूरला आला. शहराला पाणी पुरवण्यासाठी अंबाझरी तलावाचे काम त्याच्याकडे होते. तलावात दर वर्षी पाणी किती येईल, हे अंदाजाने ठरवणे त्याला पटले नसावे. १८६९ आणि १८७२ या वर्षांत त्याने नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर पाऊस आणि वाहून येणारे पाणी दोन्ही मोजले. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून पडलेला एकूण पाऊस एका अक्षावर, वाहिलेले एकूण पाणी दुसऱ्या अक्षावर, अशा दोन वर्षांच्या वक्ररेषा काढल्या तेव्हा त्या एकमेकींसारख्या निघाल्या. त्यांतून त्याने टक्केवारीचा तक्ता केला. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर १५ टक्के पाणी वाहते, ७०० ला २५ टक्के, ९०० ला ३४, ११०० ला ४०. हा तक्ता पुढे विदर्भात आणि मध्य प्रदेशात तलावांचा येवा, म्हणजे तलावात येणारे पाणी, ठरवताना शंभर वर्षांहून अधिक काळ वापरला गेला. चंद्रपूरशी बिनीचा आणखी एक धागा आहे: वरोऱ्याच्या कोळशाचा शोध घेण्यातही त्याचा वाटा होता. 

बिनीच्या तक्त्याचे मर्म टक्क्यांत नाही, त्यांच्या चढत्या क्रमात आहे. ५०० चे १५ टक्के म्हणजे ७५ मिलिमीटर. ११०० चे ४० टक्के म्हणजे ४४० मिलिमीटर. पाऊस सव्वादोन पट झाला आणि नदीचे पाणी जवळजवळ सहापट. उलट्या बाजूने वाचले तर हाच तक्ता भीती घालतो. पाऊस निम्म्यावर आला, की नदी निम्मी होत नाही. ती चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते, कारण मातीने आणि हवेने घ्यायचा वाटा आधी घेतला जातो आणि नदीला उरलेसुरले मिळते. पुढे क्लॉड इंग्लिस आणि डिसूझा यांनी १९२९ मध्ये पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणांच्या मोजणीवरून जी सूत्रे दिली, त्यांतले दख्खनच्या पठाराचे सूत्र ११०० मिलिमीटरला सुमारे ३६ टक्के देते. दोन वेगळे प्रदेश, मध्ये अर्ध्या शतकाहून जास्त अंतर, तरी उत्तरे शेजारशेजारची. त्याच अभ्यासातले सह्याद्रीचे सूत्र ३००० मिलिमीटर पावसाला ७५ टक्क्यांच्या आसपास अपधाव सांगते. म्हणून कोकणातल्या नद्यांचे ठोकताळे वैनगंगेला लावून चालत नाही.

अशा तक्त्यांचा आणि नंतरच्या प्रत्यक्ष मोजणीचा उपयोग धरणे बांधताना होतो. शंभरपैकी पंचाहत्तर वर्षांत जेवढे पाणी नक्की येईल, ते ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी मानून प्रकल्पाची आखणी होते. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणापासून बुलढाण्यापर्यंत ४२६ किलोमीटरचा कालवा काढण्याच्या वैनगंगा–नळगंगा योजनेला राज्याने २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिचा सगळा डोलारा याच आकड्यावर उभा आहे. पावसाची सरासरी जराशी खाली सरकली, तर येवा त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात खाली सरकतो, हे बिनीने दाखवून दीडशे वर्षे झाली. इतक्या खर्चाच्या कामात हा मुद्दा पहिल्या पानावर असायला हवा.

अभियंत्यांचे तक्ते येण्यापूर्वी पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीने पाऊस आणि नदी यांच्यामध्ये स्वतःची एक पायरी बांधून ठेवली होती. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने आणि इतरांनी इथे हजारो तलाव खोदले. चंद्रपूरमधल्या नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी-वडसा भागात ते आजही दिसतात. दोन टेकड्यांमधल्या खोलगटाला मातीची पाळ घालायची, जादा पाणी जायला कडेला सलंग ठेवायची, शेतीला पाणी सोडायला पाळीत तुडुम बसवायचे, अशी रचना. वरच्या तलावाच्या सलंगेचे पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, बोडीतून बांध्यांत. पाण्याच्या वाटपाला पाणकर असे. जमीनदारी नष्ट करणारा १९५० चा कायदा आला, तलाव मालगुजारांकडून सरकारकडे गेले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ हे नाव पडले. लोकांच्या तोंडी ते ‘मामा तलाव’ झाले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी विभागणी झाली. मालकी बदलली, पण दर उन्हाळ्यात गाळ काढण्याची आणि पाळीवर माती टाकण्याची गावाची रीत हळूहळू सुटली.

धानाच्या बांधीचे काम तलावाइतकेच मोठे आहे आणि त्याकडे फारच कमी लक्ष जाते. बांधीच्या चारही बाजूंना धुरा असतो. त्याच्या आत दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर एका हेक्टरात १,००० घनमीटर साठते. एक लाख हेक्टर बांध्यांचे मिळून दहा कोटी घनमीटर होतात. एखाद्या मोठ्या मध्यम प्रकल्पाएवढे पाणी, तेही भूसंपादन आणि विस्थापन न करता. जुलैअखेरीस बांध्यांत जागा असते तेव्हा एका दिवसाची अतिवृष्टी त्या पचवतात. मात्र भर झडीत शेतकरी पीक वाचवण्यासाठी धुरे फोडतो. हजारो शेतांचे पाणी त्याच दिवशी नाल्यात उतरते आणि एरवी पूर अडवणारी व्यवस्था पुराला हातभार लावते. त्याचा दोष शेतकऱ्याला देता येत नाही. गळ्याशी पाणी आलेले धान सडू लागले, की त्याच्यापुढे दुसरा उपाय नसतो.

पुराचे आकारमान एकूण अपधावावर ठरते, पण त्याची धार ठरते वेळेवर. पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी नदीच्या एखाद्या ठिकाणी पोहोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ पाऊस टिकला तर सगळे खोरे एकदम त्या ठिकाणी येते. लहान नाल्यासाठी हा वेळ एक-दोन तास, म्हणून एका जोरदार सरीने रपटा बुडतो आणि संध्याकाळी पुन्हा उघडा पडतो. गडचिरोलीजवळच्या कठाणीसारख्या नदीसाठी तो कित्येक तासांचा. वैनगंगेच्या पूर्ण लांबीसाठी तो दिवसांत मोजावा लागतो. पाणी चढते सावकाश, उतरते त्याहून सावकाश. जलविज्ञानात १९३२ मध्ये एल. के. शेर्मन यांनी एकक जलालेखाची कल्पना मांडली: पाणलोटातून एक सेंटिमीटर अपधाव निघाला, तर नदीचा प्रवाह तासागणिक कसा चढेल-उतरेल, याचा ठसा. प्रत्येक नदीचा ठसा निराळा. लांबट खोऱ्याचा माथा बसका, पंख्यासारख्या पसरलेल्या खोऱ्याचा माथा टोकदार. केंद्रीय जल आयोगाने देशाचे उपविभाग पाडून, मोजणी नसलेल्या नाल्यांवर पूल बांधताना वापरायला असे ठसे काढून दिले आहेत. निम्न गोदावरीचा उपविभाग त्यांपैकी एक आहे.

वैनगंगेवरचे सर्वांत मोठे धरण गोसेखुर्दचे. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ, २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. धरणाला ३३ दरवाजे आहेत आणि एकूण साठवण क्षमता ११४.६ कोटी घनमीटर आहे. हा आकडा प्रचंड वाटतो. पण धरणाच्या वरचे पाणलोट क्षेत्र ३५ हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे. भागाकार केला तर उत्तर येते ३३ मिलिमीटर. म्हणजे वरच्या खोऱ्यातून सरासरी ३३ मिलिमीटर अपधाव आला, की रिकामे धरण तळापासून माथ्यापर्यंत भरते. ऑगस्टअखेरीस, धरण आधीच भरत आलेले असताना, एका मोठ्या झडीतले बहुतेक पाणी पुढे सोडण्यावाचून पर्याय राहत नाही. खालच्या गावांत ‘धरणाने पूर आणला’ असे म्हटले जाते. धरणाने आणलेला तो नसतो. पण दरवाजे कधी, किती आणि कोणाला कळवून उघडले, यावर त्याची झळ कमी-जास्त होते, आणि गावकऱ्यांचा रोष त्या ठिकाणी रास्त आहे.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस हे सगळे एकाच वेळी जुळून आले. मध्य प्रदेशात वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडले गेले, गोसेखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. आधी भंडारा शहर पाण्याखाली गेले. मग पूर ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी असा उतरत गेला. ब्रह्मपुरी तालुक्यातले नदीने वेढलेले लाडज गाव चहूबाजूंनी तुटले. खाली इतका पाऊस नव्हता. अंगणात ऊन आणि शेतात नदी, असा तो पूर होता. गावातला पर्जन्यमापक अशा पुराबद्दल काहीच सांगू शकत नाही. असा पूर सांगतात वरच्या राज्यातले पर्जन्यमापक आणि मधल्या पुलांवरच्या पातळ्या.

पावसाचे आणि पुराचे नाते तोडणारी दुसरी गोष्ट म्हणजे फुगवटा. मोठी नदी भरून वाहत असली, की तिला मिळणाऱ्या लहान नदीचे तोंड बंद होते. लहान नदीला उतार उरत नाही, तिचे पाणी मागे सरते. चंद्रपूर शहर इरई आणि झरपट नद्यांच्या काठी आहे, इरई पुढे वर्धेला मिळते. वर्धेला मोठा पूर आला, की इरईचे पाणी मागे दाटते आणि बिनबा गेट, रहमतनगर यांसारख्या सखल वस्त्यांत शिरते. गडचिरोलीच्या उत्तरेला वैनगंगेच्या दाबाने पाल नदी तुंबते आणि नागपूरचा रस्ता बंद होतो. भामरागडला इंद्रावती फुगली की परलकोटेचे पाणी पुढे सरकत नाही, पुलावर चढते आणि बाजारपेठेत येते; एका पावसाळ्यात असे अनेकदा घडते. तालुक्यातली कितीतरी गावे त्या दिवसांत दवाखान्यापासून आणि रेशनपासून तुटलेली असतात.

सर्वांत मोठा फुगवटा सिरोंचाचा. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि काही अंतरावर इंद्रावती. तिन्ही नद्यांची खोरी मिळून महाराष्ट्राच्या पश्चिमेपासून ओडिशापर्यंत पसरलेली आहेत. जुलै २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात सलग झडीने तिन्ही एकदम भरल्या. प्राणहितेच्या संगमाच्या खाली तेलंगणाचे ८५ दरवाज्यांचे मेडीगड्डा बंधारा-धरण २०१९ पासून उभे आहे. तिथे २८ लाख क्युसेकहून अधिक पाणी वाहिले. पुढे भद्राचलमला १६ जुलैला गोदावरी ७१.३ फुटांवर गेली. १६ ऑगस्ट १९८६ च्या ७५.६ फुटांनंतर एवढी पातळी तिथे आली नव्हती. सिरोंचा तालुक्यातली नदीकाठची गावे रिकामी करावी लागली. हा पूर जुलैमध्ये आला, हे विशेष. जमीन भरायला एरवी मघापर्यंतचा काळ लागतो. सलग पावसाने ते काम पुनर्वसूतच उरकले.

हे सगळे मोजले कसे जाते? पावसाची नोंद रोज सकाळी साडेआठला होते. पूर्वी ती तालुक्याच्या ठिकाणी होत असे. आता महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे आहेत. सपाट शेतीच्या तालुक्यात ती पुरेशी ठरतात, पण छत्तीसगडातल्या अबुजमाडला लागून असलेल्या डोंगररानात एका केंद्राच्या वाट्याला फार मोठा टापू येतो आणि सर्वांत जास्त पाऊस पडणारी जागाच मोजणीतून सुटते. नदीची बाजू केंद्रीय जल आयोग सांभाळतो. वैनगंगेवर पवनी आणि आष्टी, वर्धेवर बल्लारपूरजवळ बामणी, प्राणहितेवर टेकडा अशी केंद्रे आहेत. पातळी मोजपट्टीवर वाचतात, वेग पात्यांच्या मापकाने ठिकठिकाणी घेतात, पात्राच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि वेग यांच्या गुणाकाराने विसर्ग निघतो. रोज हे शक्य नसते, म्हणून पातळीवरून विसर्ग काढण्याची वक्ररेषा तयार ठेवतात. फुगवट्याच्या वेळी मात्र ही रेषा फसते, कारण पाणी उंच असते आणि वाहत नसते. पुराबरोबर वाळू हलते, पात्राचा तळ बदलतो, आणि रेषा पुन्हा बसवावी लागते.

गेल्या काही दशकांत या नात्यातले अनेक दुवे बदलले. वर्धा खोऱ्यातल्या खुल्या कोळसा खाणींनी टेकड्या नसलेल्या प्रदेशात मातीचे डोंगर उभे केले. त्यांच्या सैल उतारांवरून पाणी झपाट्याने येते आणि गाळ घेऊन नाल्यांत बसते. नाला उथळ झाला, की पूर्वी पात्रात मावणारे पाणी काठावर येते. तलावांत गाळ आणि बेशरमाची झुडपे वाढली, साठवण घटली. शहरांच्या सखल भागांत, जिथे नदीने पसरायचे, तिथे घरे झाली. रस्त्यांचे भराव उंच झाले, पण त्यांच्याखालच्या मोऱ्या बहुधा जुन्याच मापाच्या राहिल्या. यातली कोणतीही गोष्ट पावसाच्या आकड्यात दिसत नाही, पण पुराच्या आकड्यात दिसते.

पाऊस थांबल्यावरही अपधाव संपत नाही. हस्त सरल्यावर आकाश निरभ्र होते, तरी नाले वाहत असतात. ते पाणी जमिनीत मुरून, खडकाच्या कुजलेल्या थरातून हळूहळू परतलेले असते. जलविज्ञानात त्याला आधारप्रवाह म्हणतात. पूर्वेच्या कठीण खडकात हा साठा पातळ, म्हणून नाले डिसेंबर-जानेवारीत तुटतात आणि डोहच उरतात. वालुकाश्मातले झरे अधिक काळ चालतात. तलावांच्या खालच्या अंगाला विहिरींना मार्चपर्यंत पाणी राहते, कारण पाळीखालून झिरपा चालू असतो. फेब्रुवारीत सागाची पाने गळतात, झाडांची ओढ कमी होते आणि काही ओहोळांत पाणी किंचित वाढल्याचेही दिसते. एप्रिलमध्ये प्राणहितेचे किलोमीटरभर रुंद पात्र वाळूचे होते, एका कडेने पायाच्या घोट्याएवढी धार वाहते. नदीकाठची माणसे त्या वाळूत झिरे खणतात. हातभर खाली लागणारे ते पाणी मागच्या पावसाळ्यात, जमीन भरून गेल्यानंतर पडलेल्या पावसाचे असते, आणि मृगाची पहिली सर त्यात भर घालत नाही. ती वरच्या वाळूतच जिरते.